लास व्हेगासचा मातीचा किल्ला

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली आगगाडी ठाण्याला पोचली. त्या दिवशी आज जिथे लास व्हेगास शहर आहे तिथे गाव नव्हतं. एक ओढा होता, ओढ्याकाठी गवत होतं, पायूट या तिथल्या मूळ आदिवासींची वस्ती होती आणि चहूबाजूंना वाळवंट. बाहेरून आलेल्या माणसांनी तिथे पक्का मुक्काम करायच्या इराद्याने भिंत उभी केली ती त्यानंतर दोन वर्षांनी, 1855 मध्ये. त्या वसाहतीचा एक तुकडा अजून उभा आहे. कॅसिनोच्या झगमगाटापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर.

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही टूर कंपनीचं अमेरिकेचं पत्रक उघडा. लास व्हेगासच्या खाली तीन ओळी ठरलेल्या: रात्री स्ट्रिपची, म्हणजे कॅसिनोंच्या रस्त्याची रोषणाई, दुसऱ्या दिवशी हूवर धरण, तिसऱ्या दिवशी ग्रँड कॅन्यन. 'ओल्ड लास व्हेगास मॉर्मन फोर्ट' हे नाव त्यात सापडणार नाही. टूर कंपनीलाही दोष देता येत नाही. तिथे फोटोला उंच काही नाही, बुरुजावरून दरी दिसत नाही, आणि 45 जणांची बस थांबवावी एवढं काही पहिल्या नजरेत दिसतही नाही. पण मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात असते म्हणून तीन-तीन महिने जाऊन राहणारे आई-वडील ठाणे-नवी मुंबईत सोसायटीगणिक दोन-चार तरी निघतात. व्हेगासची खेप त्यांच्या नशिबी एकदा तरी येतेच. हा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी.

आधी एक अपेक्षा खाली उतरवून ठेवा. 'किल्ला' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रायगड नाही तर वसई येते. इथे तसलं काही नाही. चौकोनी आवार, प्रत्येक बाजू 150 फूट, म्हणजे सगळं मिळून साडेवीस गुंठे. अर्ध्या एकराहून जेमतेम जास्त. भिंती 14 फूट उंच, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बुरूज. आपल्याकडच्या शब्दात ही गढी आहे. मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे पांढऱ्या मातीच्या गढ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती पाहताक्षणी ओळखीची वाटेल. आणि त्यातलाही बहुतेक भाग नव्याने बांधलेला आहे. मूळ 1855 ची म्हणता येईल अशी एकच छोटी इमारत, ओढ्याच्या बाजूची. आवारात शिरल्यावर सरळ तिच्याकडे जा. बाकीचं नंतर.

पोचायचं कसं

पत्ता असा: लास व्हेगास बुलेवार्ड नॉर्थ आणि ईस्ट वॉशिंग्टन अव्हेन्यू यांचा कोपरा. ज्या बुलेवार्डवर सगळे मोठे कॅसिनो आहेत तोच रस्ता उत्तरेला जात राहतो, जुनं डाउनटाउन ओलांडतो आणि या कोपऱ्याशी येतो. म्हणजे वाट चुकायला जागा नाही, एकच रस्ता धरून उत्तरेला जायचं.

इथे एक गंमत लक्षात घ्या. ज्याला सगळे लास व्हेगास म्हणतात ती स्ट्रिप बहुतांशी लास व्हेगास शहराच्या हद्दीत येतच नाही. ती पॅराडाइज नावाच्या, महापालिका नसलेल्या भागात आहे आणि कारभार क्लार्क काउंटीचा. खारघरला सगळे नवी मुंबई म्हणतात आणि कर भरतात पनवेल महापालिकेला, तसंच काहीसं. खरं शहर सुरू होतं ते स्ट्रिप संपल्यावर, आणि किल्ला त्या खऱ्या शहराच्या जुन्या डाउनटाउनच्याही उत्तरेला आहे.

स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही; आवाराला लागून पार्किंग आहे. गाडी नसेल तर स्ट्रिपवरून डाउनटाउनपर्यंत 'ड्यूस' ही दुमजली बस जाते, तिथून पुढे दुसरी बस नाही तर टॅक्सी. फ्रीमॉन्ट स्ट्रीटपासून किल्ला जेमतेम दीड-दोन किलोमीटर. नकाशावर पाहून वाटतं, चालत जाऊ. जाऊ नका. एक तर मधे हायवेचा उड्डाणपूल लागतो, त्याच्या आसपासचा पट्टा बेघर लोकांच्या वस्तीचा आहे आणि फुटपाथवर सावली नाही. दुसरं, जुलैत दुपारचं तापमान सरासरी 40 अंशांच्या घरात असतं आणि हवा इतकी कोरडी की घाम आल्याचं कळतच नाही. ठाण्याच्या मे महिन्यात अंग चिकचिकतं, म्हणून आपण आपोआप पाणी पितो. तिथे अंग कोरडं राहतं, तहान उशिरा लागते आणि संध्याकाळी डोकं धरतं. साठीच्या पुढच्या माणसांना हा फटका हमखास बसतो. माणशी एक लिटरची बाटली, टोपी आणि सकाळची वेळ, एवढं पाळलं तरी पुरे. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सगळ्यात बरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो.

गेल्या काही वर्षांत उघडायची वेळ मंगळवार ते शनिवार, सकाळी 8 ते दुपारी साडेचार अशी राहिली आहे. नेमकी इथेच लोकांची फसगत होते. स्वस्त हॉटेल मिळतं म्हणून बरेच जण रविवार-सोमवार व्हेगासला गाठतात आणि दाराशी येऊन परत फिरतात. निघण्याआधी नेवाडा स्टेट पार्क्सच्या पानावर दिवस आणि वेळ पाहून घ्या. प्रवेशशुल्क माणशी काही डॉलर, कॅसिनोतल्या एका कॉफीपेक्षा कमीच. आणि हॉटेलची गोष्ट निघालीच आहे तर, स्ट्रिपवरच्या हॉटेलच्या बिलात खोलीच्या भाड्याशिवाय रोजची 'रिसॉर्ट फी' नावाची गोष्ट असते. ती खोलीच्या भाड्याइतकीसुद्धा होऊ शकते. बुकिंग करताना शेवटच्या पानावरचा एकूण आकडा बघूनच बटण दाबा.

आधी पाणी, मग सगळं

किल्ला समजून घ्यायचा तर भिंतीआधी ओढा बघायला हवा. आवारातून आज जो ओढा वाहताना दिसतो तो मुद्दाम पुन्हा तयार केलेला आहे. मूळ ओढा साधारण पाचेक किलोमीटर पश्चिमेला असलेल्या झऱ्यांतून निघायचा. स्पॅनिश भाषेत 'लास व्हेगास' म्हणजे गवताळ कुरणं. हे नाव या पाण्यामुळेच पडलं. वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात (ठाण्यात जुलैतल्या एका मुसळधार दिवसात एवढा पडून जातो) कुरण असणं हीच बातमी होती. सांता फेहून कॅलिफोर्नियाला जाणारे व्यापारी 1829-30 पासून इथे थांबू लागले. 3 मे 1844 ला अमेरिकी सैन्यातला नकाशे करणारा अधिकारी जॉन फ्रीमॉन्ट याने इथे तळ दिला आणि झऱ्यांच्या पाण्याचं तापमानसुद्धा नोंदवून ठेवलं: 71 आणि 73 अंश फॅरनहाइट, म्हणजे 22-23 सेल्सियस. त्याचा अहवाल छापला गेला आणि वाळवंटात इथे पाणी मिळतं ही गोष्ट सगळ्यांना कळली. डाउनटाउनची फ्रीमॉन्ट स्ट्रीट ती याच माणसाच्या नावाची.

फलकांवर 'पायोनिअर' हा शब्द जागोजागी दिसेल. तो जरा जपून वाचावा. नवी मुंबई 'वसवली' असं आपण सहज बोलतो, तेव्हा आधीपासून असलेली आगरी-कोळ्यांची 95 गावं त्या वाक्यातून गळून पडतात. इथेही तेच. पायूट लोक या झऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या राहत होते, शेतीही करत होते. आलेल्या मंडळींना त्यांच्याशी जमवून घेतल्याखेरीज राहता आलं नाही.

1855 च्या वसंतात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा प्रमुख ब्रिगहॅम यंग याने सॉल्ट लेकहून तीस मॉर्मन पुरुषांची तुकडी धाडली. म्होरक्या विल्यम ब्रिंगहर्स्ट. मे महिन्यात निघालेली ही माणसं 14 जूनला इथे पोचली. काम तिहेरी होतं: सॉल्ट लेक ते लॉस एंजलिस या वाटेवर मधलं ठाणं उभं करायचं, टपालाची सोय करायची आणि पायूटांना शेती आणि धर्म शिकवायचा. आज लॉस एंजलिसहून व्हेगासला येताना ज्या आय-15 हायवेवरून तुम्ही चार-पाच तास बसून येता, तो ढोबळमानाने याच वाटेच्या आसपासून जातो.

टपालकचेरी उघडली, पण तिला लास व्हेगास हे नाव देता आलं नाही. त्या वेळी हा मुलूख न्यू मेक्सिको टेरिटरीत (अजून राज्याचा दर्जा न मिळालेल्या प्रदेशात) मोडत होता आणि तिथे त्या नावाचं एक गाव आधीच होतं. म्हणून टपालकचेरीचं नाव ठेवलं ब्रिंगहर्स्ट.

वसाहत दोन वर्षंसुद्धा टिकली नाही. मार्च 1857 मध्ये मिशन बंद करण्यात आलं. कारणं एकाहून जास्त आहेत. जूनच्या मध्यावर पोचल्यामुळे पहिली पेरणी उशिरा झाली, आणि तीही भर उन्हाळ्यात. जमीन खारवट होती. ठाणे खाडीच्या कडेला खारजमिनीत भाताचं काय होतं हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. लाकूड डोंगरातून ओढून आणावं लागे. या सगळ्यावर कडी म्हणजे शिसं. नैऋत्येच्या पोटोसी डोंगरात शिशाची खाण सापडली आणि ती चालवायला सॉल्ट लेकहून नेथॅनिएल जोन्स नावाचा वेगळा प्रमुख आला. हुकूम कोणाचा चालणार यावरून दोघांत जुंपली, माणसं दोन कामांत वाटली गेली, आणि शेवटी ब्रिंगहर्स्टलाच बाजूला व्हावं लागलं. एवढं करून शिसंही धड निघालं नाही. त्यात जस्त मिसळलेलं होतं, त्यामुळे धातू ठिसूळ व्हायचा. एका आवारात दोन साहेब, दोघांनाही वरून वेगवेगळे आदेश. ज्यांनी सरकारी कचेरीत नोकरी केलीय त्यांना हा भाग फलकावर वाचायचीसुद्धा गरज नाही.

भिंत कशी वाचायची

आता त्या छोट्या इमारतीकडे. तिला बहुतेक लोक तीन मिनिटं देतात. निदान वीस द्या.

बांधकाम कच्च्या विटांचं आहे. भट्टीत भाजलेली नव्हे, उन्हात वाळवलेली वीट. तिकडे तिला 'अडोबी' म्हणतात. कृती आपल्याकडच्यासारखीच: चिकणमाती, वाळू, पाणी आणि काडी-गवत एकत्र तुडवायचं, लाकडी साच्यात भरायचं, साचा उचलून घ्यायचा, वीट आधी आडवी वाळू द्यायची आणि मग कडेवर उभी करून वाळवायची. पुरती वाळायला काही आठवडे लागतात. सगळं कसब मातीच्या प्रमाणात. चिकणमाती साधारण पाव हिश्शाच्या आसपास हवी, बाकी वाळू आणि बारीक गाळ. चिकण जास्त झाली की वाळताना वीट आकसते आणि तडकते. वाळू जास्त झाली की वीट तडकत नाही, पण कोपरे बोटाने दाबले तरी झडतात. काडीचं काम ताकद देण्याचं आहे असं सर्रास सांगतात, ते अर्धंच खरं. काडीमुळे पाणी विटेच्या पोटातून सावकाश बाहेर येतं आणि एका मोठ्या तड्याऐवजी बारीक बारीक पुष्कळ तडे पडतात, जे निभावून जातात.

घरी नातवंडांना दाखवायचं असेल तर सोपं आहे. बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, झाकण लावून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, चिकण दुसऱ्या दिवशीपर्यंत. तिन्ही थरांची जाडी पट्टीने मोजली की मातीचं प्रमाण कळतं. येऊरच्या पायथ्याची लाल माती आणि बेलापूरच्या खाडीकडची काळी माती शेजारी शेजारी ठेवून पाहा, फरक डोळ्यांनी दिसेल.

परत भिंतीकडे. तिच्याकडे बघताना नजर वरून खाली नव्हे, खालून वर न्या. मातीच्या भिंतीचा पहिला शत्रू पाऊस नाही, जमिनीतली ओल. पाणी पायातून वर चढतं, सोबत क्षार आणतं, भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन सुकतं आणि क्षाराचे स्फटिक माती आतून उकलतात. म्हणून कच्च्या विटेची जुनी भिंत नेहमी जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर आत खचलेली असते, जणू कोणी खालून कोरली आहे. यासाठीच खाली दगडी जोतं घालतात आणि इथेही पाया दगडाचा आहे. माती जिथून सुरू होते ती रेघ शोधा. मग रंग बघा. दुरुस्ती झालेल्या जागी लेप एकसारखा आणि फिकट दिसतो, काडी ताजी दिसते. जुन्या जागी कडा गोलावलेल्या असतात. तिसरी गोष्ट छताची वळचण: भिंतीवर थेट पाणी उतरू नये म्हणून ती किती बाहेर आलीय ते पाहा.

या सगळ्यात एक चूक जगभर सगळ्यांनी केलीय, आपल्याकडच्या वाड्यांतही. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. दिसायला भक्कम. पण सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. पाणी मागे साठतं, आतली माती गाऱ्यासारखी होते, आणि एके दिवशी गिलाव्याचा अख्खा पापुद्रा मातीसकट खाली येतो. बाहेरून सिमेंट जसंच्या तसं दिसत असतं आणि आत भिंत उरलेलीच नसते. मातीला मातीचाच किंवा चुन्याचा लेप हवा आणि तो दर काही वर्षांनी पुन्हा लावायची तयारी हवी. भिंतीला हात लावायचा मोह होईल. लावू नका. एका हाताने चमचाभरच माती झडते, पण हात वर्षाला हजारो असतात.

सावकारी, गोळी आणि लिलाव

मॉर्मन गेल्यावर ही जागा ओस पडली. 1865 मध्ये ऑक्टेव्हियस डेकॅटर गॅस नावाचा, सोन्याच्या शोधात फिरून थकलेला माणूस आला. त्याने जुन्या किल्ल्याच्या भिंतींचा आधार घेऊन शेती-गुरांचा मळा उभा केला: धान्य, भाज्या, फळझाडं, वाटसरूंना शिधा. त्याच्या काळात सरहद्दच हलली. हा भाग आधी ॲरिझोना टेरिटरीत होता आणि गॅस तिथल्या विधिमंडळात बसत होता. मग तो नेवाडा राज्यात गेला आणि नेवाडाने मागच्या वर्षांचाही कर मागितला. गॅस कर्जात गेला. त्याने आर्चिबाल्ड स्ट्यूअर्टकडून मळा गहाण ठेवून 5000 डॉलरचं सोनं उचललं, व्याज महिना अडीच टक्के. हिशेब करा: महिन्याला 125, वर्षाला 1500 डॉलर नुसतं व्याज. वाळवंटातल्या मळ्यातून एवढी रोकड निघणं कठीणच. 1881 मध्ये मळा स्ट्यूअर्टच्या घशात गेला. शेकडा अडीचचा सावकार आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवा नाही.

स्ट्यूअर्टलाही तो फार दिवस लाभला नाही. 13 जुलै 1884 ला शेजारच्या काइल रँचवर तो गोळी लागून मेला. मागे बायको हेलन, चार मुलं आणि पाचवं पोटात. शवपेटीला फळ्या मिळेनात म्हणून घराची दारं काढून पेटी केली असं सांगतात. हेलन तिशीची होती, आणि मळा विकून जाण्याऐवजी तिने तो अठरा वर्षं चालवला. किल्ल्याच्या सगळ्या इतिहासात आमच्या मते सगळ्यात ठळक माणूस हीच. टपालकचेरीही तिने सांभाळली, पायूट स्त्रियांनी विणलेल्या टोपल्यांचा संग्रह केला, आणि 1911 मध्ये पायूट वस्तीसाठी दहा एकर जमीन करून दिली. ती वस्ती आजही किल्ल्यापासून जवळच नॉर्थ मेन स्ट्रीटला आहे. संग्रहालयाच्या खोलीत वेळ कमी पडला तर मॉर्मनांचे फलक सोडा, हेलनचे वाचा.

1902 मध्ये तिने मळा 55,000 डॉलरला विकला, विल्यम क्लार्कच्या रेल्वेला. रेल्वेला जमीन नको होती, पाणी हवं होतं. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी भरावंच लागतं. मग 15 मे 1905 ला रेल्वेने 110 एकरांचे प्लॉट पाडून लिलाव पुकारला. शहराचा वाढदिवस हाच धरतात. आधी एका संस्थेने जमीन घ्यायची, रस्ते आखायचे, मग प्लॉट विकायचे. सिडकोच्या नोडमध्ये राहणाऱ्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

त्यानंतर पाण्याची गोष्ट उलटी फिरली. शहराने विहिरी खोदल्या, बऱ्याच विहिरींतून पाणी आपसूक उसळत होतं म्हणून त्या बंद करायचीही कोणाला गरज वाटली नाही. जमिनीखालची पातळी उतरत गेली आणि 1962 मध्ये ज्या झऱ्यांमुळे गाव वसलं ते झरे आटले. आज शहराचं जवळपास नव्वद टक्के पाणी कोलोरॅडो नदीचं, हूवर धरणामागच्या लेक मीडमधून येतं.

आणि या धरणाचा धागा परत या मातीच्या खोलीत येतो. 1929 मध्ये अमेरिकी सरकारच्या ब्युरो ऑफ रेक्लमेशनने ही जुनी इमारत भाड्याने घेतली आणि तिथे काँक्रीट तपासायची प्रयोगशाळा थाटली. होऊ घातलेल्या धरणासाठी. 221 मीटर उंचीच्या काँक्रीटच्या भिंतीची तयारी उन्हात वाळवलेल्या विटांच्या खोलीत चालली होती. हे काम मिळालं नसतं तर ही खोलीही बाकीच्या भिंतींसारखी गेली असती असं मानायला जागा आहे. पुढे 1971 मध्ये जागा शहराने घेतली, 1991 मध्ये ती राज्याचं ऐतिहासिक उद्यान झाली.

म्हणून टूरच्या क्रमात एक बदल सुचवतो: किल्ला आधी, हूवर धरण नंतर. उलटं केलंत तर किल्ला फिका पडतो. सकाळी साडेआठला किल्ल्यावर पोचा, दहापर्यंत बाहेर पडा, धरण साधारण 50 किलोमीटरवर आहे, ऊन चढायच्या आत गाठता येतं.

धरणाला जायचं नसेल तर तोच दिवस जवळपास घालवता येतो. बुलेवार्डवरच चालत पाच मिनिटांवर निऑन म्युझियम आहे, बंद पडलेल्या कॅसिनोंच्या जुन्या पाट्यांचं. त्याचं तिकीट आधी काढलेलं बरं, आणि शक्यतो संध्याकाळचं. त्याच रांगेत नैसर्गिक इतिहासाचं संग्रहालय, नातवंडं बरोबर असतील तर उपयोगी. कॅसिनोच्या जुगाराच्या मजल्यावर 21 वर्षांखालच्यांना थांबता येत नाही, नुसतं ओलांडून जाता येतं. त्यामुळे मुलांसोबतच्या कुटुंबाचे दिवसाचे तास कुठे घालवायचे हा व्हेगासमध्ये खराखुरा प्रश्न असतो. पाण्याची गोष्ट ज्यांना पुढे न्यायची आहे त्यांनी झऱ्यांच्या मूळ जागेवरचं स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह बघावं. ते मोठं आहे, तीन तास काढून जा.

घरी फोन लावताना एवढं लक्षात असू द्या: उन्हाळ्यात ठाणे तिथल्यापेक्षा साडेबारा तास पुढे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. किल्ल्यावरून सकाळी नऊला व्हिडिओ कॉल केलात तर इकडे रात्रीचे साडेनऊ नाही तर साडेदहा.

परतताना डाउनटाउनमध्ये गाडीच्या खिडकीतून चौकातल्या पाट्या वाचत चला. फ्रीमॉन्ट, स्ट्यूअर्ट, क्लार्क, गॅस, सगळे एकापाठोपाठ रस्ते होऊन उभे आहेत. व्याजापायी मळा घालवलेल्या गॅसला तर शहराच्या उत्तरेचा एक डोंगरही मिळाला आहे, गॅस पीक. हवा स्वच्छ असेल तर किल्ल्याच्या पार्किंगमधून उत्तरेला पाहा, क्षितिजावर डोंगरांची रांग दिसेल. तो त्याच रांगेत आहे.